आयलेट्स आकारानुसार वेगळी करणारी चिप: साच्यापासून बाटलीपर्यंत

प्रयोगाच्या प्लेटमधल्या एका वेलमध्ये, म्हणजे खळग्यात, दहा आयलेट्स (स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके) मोजून टाकली, शेजारच्या वेलमध्येही दहाच टाकली, आणि औषध घातलेल्या या दुसऱ्या वेलमधून कितीतरी पट जास्त इन्सुलिन निघालं. औषधाचा गुण म्हणून वहीत नोंद करण्याआधी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पहिल्या वेलमधली आयलेट्स १०० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि दुसरीतली २०० मायक्रॉनची असतील, तर व्यास दुप्पट झाल्याने आकारमान आठपट झालेलं असतं. आकडा दहाचाच, पण पेशी आठपट. बडोद्यात आमच्या प्रयोगशाळेत एम.एस्सी.ला येणारी मुलं पहिल्या सहा महिन्यांत याच खड्ड्यात पडतात, आणि मीही पडलो होतो. म्हणून आयलेट्स आकारानुसार वेगळी करणारी चिप कशी बनवायची आणि चालवायची, हे सगळं एकदा मराठीत, हाताला धरून सांगावं तसं लिहितो आहे.

स्वादुपिंडातले हे पेशींचे पुंजके पॉल लँगरहॅन्स या विद्यार्थ्याने १८६९ मध्ये बर्लिनला आपल्या प्रबंधात वर्णिले, आणि १८९३ मध्ये लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्यांना लँगरहॅन्सचं नाव दिलं. ते साधारण ५० ते ४०० मायक्रॉनचे असतात, क्वचित त्याहून मोठेही. बारीक रवा चिमटीत घेतला की दाणे जसे लहानमोठे लागतात, तसेच. मोजदाद सारखी व्हावी म्हणून १५० मायक्रॉनचं आयलेट हे एकक धरतात. त्या हिशेबाने ५० ते १०० मायक्रॉनच्या गटातलं एक आयलेट ०.१६७ एकक भरतं, आणि ३०१ ते ३५० च्या गटातलं १०.३५२.

आकाराचा प्रश्न फक्त मोजणीचा नाही. शरीरात प्रत्येक आयलेटमध्ये केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बाहेर काढलं की ते जाळं तुटतं आणि ऑक्सिजन बाहेरून झिरपत झिरपत जेवढा आत जाईल तेवढाच. मोठ्या आयलेटचा गाभा त्यामुळे उपाशी राहतो आणि एक-दोन दिवसांत मरायला लागतो. रॅटच्या आयलेट्सवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२५ मायक्रॉनपेक्षा लहान आयलेट्स ही १५० पेक्षा मोठ्यांहून डिशमध्येही सरस ठरली आणि प्रत्यारोपणातही. तेव्हा लहान आणि मोठी एकत्र ठेवून प्रयोग करणं म्हणजे निरोगी आणि अर्धमेल्यांची सरासरी काढणं.

कामाला लागण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी हातात असू द्या. प्राण्यांची संख्या, भूल, सगळं सीसीएसईए या प्राणीप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीच्या नियमांनुसार, जिला जुनी मंडळी अजून सीपीसीएसईए म्हणतात. आकारानुसार वर्गवारी चांगली जमली की कमी प्राण्यांत स्पष्ट उत्तर मिळतं. अर्जात हे आवर्जून लिहावं, कारण ते खरं आहे.

चाळणी नको, सूप हवं

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आजी रवा दोनदा निवडायची, आधी चाळणीने आणि मग सुपात. चाळणीत लांबट दाणा उभा झाला की खाली निसटतो, आणि रवा जरा ओलसर असला की भोकं बुजतात. नायलॉनच्या जाळीवर आयलेट्स गाळताना हुबेहूब हेच होतं. शिवाय आयलेट्स मऊ असल्याने दाबली जाऊन लहान भोकातूनही पार होतात आणि जाताना कडेच्या पेशी खरवडून निघतात. सुपात कोणी कोणाला अडवत नाही. हाताच्या एका ठेक्यात हलकं पुढे सरकतं, जड मागे राहतं.

सुपासारखं काम करणारी चिप, म्हणजे आत द्रव वाहण्यासाठी पातळ खोली असलेली लहानशी पट्टी, २००४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या गटाने दाखवली. पातळ खोलीत खांबांच्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा किंचित बाजूला सरकवलेली असते. लहान कण प्रवाहाबरोबर खांबांना वळसे घालत नागमोडी जातो आणि शेवटी जिथल्या तिथे राहतो. मोठ्या कणाचं केंद्र खांबालगतच्या त्या पातळ धारेत मावत नाही, म्हणून प्रत्येक ओळ त्याला एक पाऊल बाजूला ढकलते. फट कणापेक्षा मोठीच असते, त्यामुळे काही अडकत नाही. मला ही रचना आयलेटसाठी सगळ्यात दयाळू वाटते.

कोणत्या आकारापासून ढकलणं सुरू होईल याचं एक सूत्र गोल खांबांसाठी प्रयोगांतून बसवलेलं आहे: १.४ गुणिले फट गुणिले सरकीचा ०.४८ वा घात. सरक म्हणजे दर ओळीमागचं सरकणं भागिले दोन खांबांच्या केंद्रांमधलं अंतर. आता आपले आकडे घालू. खांब ४०० मायक्रॉनचा, फट ४०० ची, म्हणजे केंद्रांमधलं अंतर ८००. दर ओळ ४० मायक्रॉन सरकवली की सरक झाली ०.०५, तिचा घात येतो ०.२३७ आणि उत्तर येतं १३३ मायक्रॉन. लहान-मोठ्याची आपल्याला हवी ती सीमा हीच. आयलेट मऊ असतं आणि पुष्कळदा अंडाकृतीही, त्यामुळे ते आपल्या अरुंद बाजूने वागतं. सूत्राचा आकडा कापल्यासारखा कधीच लागू पडत नाही, एवढं मनाशी ठेवा.

खोलीची मापं अशी घ्या: रुंदीला १२ घरं (एक घर म्हणजे एक खांब आणि एक फट, ८०० मायक्रॉन), म्हणजे ९.६ मिलिमीटर. लांबीला ७० ओळी, म्हणजे ५६ मिलिमीटर, जे ७५ मिलिमीटरच्या काचपट्टीवर नीट बसतं. उंची ६०० मायक्रॉन. ७० ओळींत मोठं आयलेट २.८ मिलिमीटर बाजूला जातं. नमुना एका भिंतीलगतच्या २ घरांतून, म्हणजे १.६ मिलिमीटरच्या पट्ट्यातून सोडायचा आणि उरलेल्या १० घरांतून निव्वळ मीडियम, म्हणजे पेशींना जगवणारं द्रावण. मोठ्यांना भिंतीपासून दूर, मीडियमच्या बाजूला ढकलेल अशीच सरकीची दिशा हवी. शेवटी लहान आयलेट्स ० ते १.६ मिलिमीटरमध्ये आणि मोठी २.८ ते ४.४ मध्ये येतात, म्हणून खालचं दुभाजक २.४ वर, तिसऱ्या घराच्या शेवटी. दर २० ओळींनी रचना एक अख्खं घर सरकलेली असते, तेव्हा नमुन्याच्या बाजूच्या भिंतीशी नवा खांब सुरू करायला विसरू नका. नाहीतर तिथे रुंद गल्ली तयार होते आणि मोठी आयलेट्स भिंतीलगत सरळ खाली जातात.

साचा

एवढ्या जाड चिपसाठी क्लीनरूम आणि फोटोरेझिस्टच्या (प्रकाशाने नक्षी उमटणाऱ्या रसायनाच्या) वाटेला जाऊ नका. चिप पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराची ओततात. पीडीएमएसमधली खोली म्हणजे साच्यावरचा उंचवटा, आणि पीडीएमएसचा खांब म्हणजे त्या उंचवट्यातलं भोक. तेव्हा ॲक्रिलिकच्या जाड तुकड्यावर सभोवताल ६०० मायक्रॉन खरवडून काढायचं आणि उरलेल्या पठारावर ०.४ मिलिमीटरच्या ड्रिलने ८४० भोकं पाडायची. मकरपुरा जीआयडीसीच्या बाजूला सीएनसी (संगणकावर चालणारं कातकामाचं यंत्र) चालवणाऱ्यांकडे ड्रॉइंग नेलं तर हे काम होण्यासारखं आहे. अचूकता १० मायक्रॉनच्या आत हवी, हे आधीच बोलून घ्या, कारण आपली सरकच ४० ची आहे. लेझरने भोकं पाडून घेऊ नका, ती निमुळती येतात. सयाजीरावांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं ते हातातलं कौशल्य आणि विज्ञान एका छताखाली यावं म्हणून. कारागिरासमोर बसून भोकाची खोली ठरवताना मला त्याची दर वेळी आठवण होते.

पीडीएमएसचे दोन घटक दहास एक या वजनाने चांगले घोटून साच्यावर ओता आणि डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा काढून घेता येणाऱ्या भांड्यात, निर्वाताखाली ठेवा. इथे घाई केली तर भोकांच्या तळाशी हवा राहते आणि खांब बुटके निघतात. बुडबुडे थांबले की निर्वात सोडा, पुन्हा लावा, असं तीन-चार वेळा. मग ६० अंशांवर रात्रभर. त्याहून तापवू नका, साचा वाकेल. सोडवताना साबणाचं पाणी कडेने आत सोडत, एका कोपऱ्यापासून अगदी सावकाश. स्पिरिट वापरू नका, यंत्राने कातलेल्या ॲक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात.

बायॉप्सी पंचने (गोल धारेच्या पोकळ सुरीने) दीड मिलिमीटरची भोकं पाडा: वर दोन, खाली दोन. वरची भोकं आपापल्या धारेच्या मध्यावर हवीत. पीडीएमएस आणि काचपट्टी स्वच्छ करून ऑक्सिजन प्लाझ्मामध्ये (पृष्ठभाग चिकटण्याजोगे करणाऱ्या विद्युतभारित वायूत) अर्धा ते एक मिनिट ठेवा, काढल्या काढल्या एकमेकांवर टेकवा, आणि ८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं. खांबांचे माथे काचेला चिकटले की नाही हे रंगीत पाणी सोडून पाहा. माथ्याखालून रंग पसरला तर ती चिप बाजूला ठेवा.

आयलेट बुडतं

मायक्रोफ्लुइडिक्स, म्हणजे बारीक वाटांतून द्रव खेळवण्याचं शास्त्र, शिकवताना पेशी बहुतेक तरंगत असल्यासारख्याच धरतात. रक्तपेशीपुरतं ते चालून जातं, आयलेटला नाही. आयलेट मीडियमपेक्षा साधारण ५ ते ६ टक्के जड असतं. द्रवात बुडणाऱ्या गोळ्याचा वेग सांगणारा स्टोक्सचा नियम लावला तर १५० मायक्रॉनचं आयलेट सेकंदाला जवळपास ०.७ मिलिमीटर खाली जातं, आणि ३०० चं याच्या सुमारे चौपट. आपली खोली ६०० मायक्रॉन उंच आहे. चिप टेबलावर आडवी ठेवली तर एका सेकंदाच्या आत आयलेट तळाला टेकतं आणि पुढचा सगळा प्रवास रखडत, घासत करतं. तळाशी प्रवाहही मंद असतो, त्यामुळे सूत्राचा हिशेब कोलमडतो. सिरिंज आडवी असेल तर तिच्यातच सगळी आयलेट्स खाली बसतात आणि मग एकदम गोळा होऊन बाहेर पडतात.

म्हणून चिप उभी करा. प्रवेशाची भोकं वर, निघायची खाली, भिंत ओळंब्यात. स्टँडला क्लँपने धरली की झालं. आता बुडणं प्रवाहाच्याच दिशेने होतं आणि बाजूच्या सरकण्यात लुडबुड करत नाही.

नमुन्याची सिरिंजही उभी, तोंड खाली, आत लहानसा चुंबकी दांडा, बाहेर हातात धरलेला चुंबक. दर अर्ध्या मिनिटाला एकदा हळू फिरवा. भोवरा नको, नुसतं ढवळणं. सिरिंज ते चिप नळी १ मिलिमीटर व्यासाची, हातभर नव्हे, वीतभरसुद्धा नको, आणि कुठेही आडवी किंवा वेटोळं घेतलेली नको.

दुसरा मार्ग म्हणजे मीडियमच जड करणं. १.३२ घनतेचं आयोडिक्सानॉलचं द्रावण १०० मिलीत १३ मिली या प्रमाणात मिसळलं की घनता १.०४५ च्या आसपास येते आणि बुडणं पुष्कळ मंदावतं. मात्र नमुना आणि बाजूची धार दोन्हींत सारखंच मिसळायचं, नाहीतर जड धार हलक्या धारेत उतरते. मी हा मार्ग मोठ्या आयलेट्सची संख्या जास्त असेल तेव्हाच घेतो. काम झाल्यावर ते धुऊन काढण्यात वेळ जातो.

बुडबुडे

बडोद्याच्या उन्हाळ्यात बुडबुडे हा रोजचा शत्रू आहे. फ्रिजमधलं मीडियम थेट सिरिंजमध्ये भरलं की तापलेल्या खोलीत त्यात विरघळलेली हवा सुटू लागते, आणि खांबांमध्ये अडकलेला एक बुडबुडा सगळ्या धारा वाकड्या करतो. मीडियम आधी तासभर खोलीत येऊ द्या, मग वीस मिनिटं निर्वाताखाली ठेवा. कोरडी चिप पहिल्यांदा ७० टक्के इथेनॉलने खालून वर भरा. ते प्रत्येक कोपऱ्यात शिरतं आणि निर्जंतुकही करतं. मागोमाग पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण), आणि मग १ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) तासभर, म्हणजे आयलेट्स भिंतींना चिकटणार नाहीत. इन्क्युबेटरबाहेर साधं बायकार्बोनेटचं मीडियम जांभळट होत जातं, तेव्हा या कामासाठी एचईपीईएस (आम्लता स्थिर ठेवणारं बफर) घातलेलंच घ्या.

दोन बाटल्या आणि चार मिलिमीटर

नमुना मिनिटाला ०.२ मिली आणि बाजूचं मीडियम मिनिटाला १ मिली. हे प्रमाण २ घरं आणि १० घरं यांवरून आलेलं आहे. फटींमधला वेग सेकंदाला ७ मिलिमीटर होतो, म्हणजे बुडण्याच्या वेगापेक्षा बराच जास्त, आणि आयलेटवर येणारा ताणही सौम्य राहतो.

खाली काय होतं याकडे माझं पहिल्यांदा लक्षच नव्हतं. पॉलिस्टायरीनच्या मण्यांवर चिप छान चालली होती. त्या दिवशी तीन प्राण्यांची आयलेट्स सोडली आणि वीस मिनिटांनी लहानांच्या नळीत पाहतो तर निम्म्याहून अधिक मोठी, पिवळसर, जाडजूड आयलेट्स तिथेच बसलेली. चिपमध्ये एकही बुडबुडा नव्हता, पंप ठीक होते. बऱ्याच वेळाने दिसलं, मोठ्यांची नळी टिश्यू पेपरच्या घडीवर उभी होती. फरक चारेक मिलिमीटरचा. त्या तीन प्राण्यांचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हा भाग जरा लांबवतो.

एवढ्या रुंद आणि उंच खोलीतून एवढ्या प्रवाहाला लागणारा दाब फारच थोडा असतो, पाण्याच्या काही मिलिमीटर उंचीइतका. दोन नळ्यांची तोंडं चार मिलिमीटर वरखाली असली की प्रवाह आपल्या दुभाजकाला न जुमानता खालच्या नळीकडे ओढला जातो आणि त्याबरोबर धाराही तिरप्या होतात. उपाय असा: लहानांच्या बाजूला तिसरा पंप लावा, तो मिनिटाला नेमकं ०.३ मिली ओढेल, म्हणजे १२ पैकी ३ घरांचा वाटा. मोठ्यांच्या बाजूला उरलेलं ०.९ आपोआप जातं. चिप आणि ओढणारा पंप यांच्यामध्ये एक लहान हवाबंद बाटली ठेवा, काठोकाठ मीडियमने भरलेली, आत हवेचा थेंबभरही फुगा नको. येणारी नळी तळापाशी, पंपाकडची नळी झाकणापाशी. आयलेट्स तळाशी बसतात आणि पंपाकडे निव्वळ मीडियम जातं. ज्या बुडण्याने इतका वेळ त्रास दिला, तेच इथे आपलं काम करतं.

मणी, मग आयलेट्स

प्रत्येक नवी चिप आधी १०० आणि २०० मायक्रॉनच्या पॉलिस्टायरीन मण्यांवर तपासा. त्यांची घनता १.०५, म्हणजे आयलेटच्या जवळची, म्हणून बुडण्याचीही परीक्षा होते. दोन्ही मणी आपापल्या वाटेने गेल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्वादुपिंडातून आयलेट्स काढणं, म्हणजे कोलॅजिनेज या विकराने ऊती सैल करणं, घनतेच्या पायऱ्यांवर वेगळं करणं, हाताने वेचणं, हे तुम्हाला येतं असं धरतो. एकच सांगतो, ताज्या आयलेट्सच्या कडा फाटक्या असतात आणि फुटलेल्या पेशींच्या डीएनएमुळे त्या एकमेकींना चिकटतात. मी त्यांना विरळ पसरून रात्रभर ११.१ मिलिमोल ग्लुकोजच्या आरपीएमआय या मीडियममध्ये ठेवतो आणि सकाळी, गोल गुळगुळीत झाल्यावर, चिपमध्ये सोडतो. दुसरी रात्र मात्र काढू देऊ नका, तोवर मोठ्यांचे गाभे कोमेजू लागतात. सोडण्याआधी ४०० मायक्रॉनच्या आसपासच्या जाळीतून एकदा ओता, म्हणजे तंतू आणि एकत्र झालेले गठ्ठे बाहेरच राहतील. ५०० आयलेट्स ५ मिलीत घेतली तर २५ मिनिटांत काम होतं. त्याहून दाट करू नका, दोघं एका फटीत आली की एकमेकांना ढकलतात. शेवटी नमुन्याच्या सिरिंजमध्ये २ मिली कोरं मीडियम घेऊन तेही त्याच वेगाने सोडा, नळीत रेंगाळलेली आयलेट्स त्याबरोबर येतात.

झालं की नाही, हे कसं कळणार

दोन्ही बाजूंचा थोडा थोडा नमुना डिथिझोनने रंगवा. इन्सुलिनबरोबरच्या जस्तामुळे आयलेट्स लाल होतात आणि बाकीचा कचरा तसाच राहतो. रंगवलेली पुन्हा वापरू नका, डिथिझोन त्यांना अपायकारक आहे. फोटोवरून क्षेत्रफळ मोजून व्यास काढा आणि लहान-मोठ्यांचे दोन आलेख एकावर एक ठेवा. मध्ये ते एकमेकांवर येणारच. किती येतात ते दर वेळी लिहून ठेवा, चिप जुनी होत चालली की तिथेच आधी कळतं. जिवंतपणासाठी फ्लोरेसीन डायॲसिटेट आणि प्रोपिडियम आयोडाइड: हिरवं जिवंत, लाल मेलेलं. मोठ्यांच्या मध्यभागी लाल ठिपका दिसतो का ते खास पाहा.

इन्सुलिन स्रवण तपासताना २.८ आणि १६.७ मिलिमोल ग्लुकोजमध्ये एकेक तास ठेवून जे येईल त्याला आयलेट्सच्या संख्येने भागू नका. एकक-आयलेटने किंवा डीएनएने भागा. आणि एक तुलना कधीही वगळू नका: चिपमधून न गेलेली आयलेट्स, चिपमधून जाऊन पुन्हा एकत्र केलेली, आणि वेगळी केलेली, तिन्ही शेजारी शेजारी. पहिल्या दोघींत फरक आला तर चिप आयलेट्सना दुखावते आहे, आणि आकाराबद्दल काहीही म्हणण्याआधी ते दुरुस्त करायला हवं.

चिप वापरून झाली की लगेच पाणी, मग ७० टक्के इथेनॉल, आणि कोरडी न होऊ देता पाण्याने भरूनच ठेवा. खांबांत तंतू अडकलेला दिसला तर सुईने उकरू नका, उलट दिशेने मीडियम सोडा. स्टँडवर चिप, सिरिंज आणि दोन्ही बाटल्यांची उंची पेन्सिलीने आखून ठेवा, आणि पंप सुरू करण्याआधी पट्टी लावून त्या रेघा एकदा तपासा.